खोगीरभरतीचें माहात्म्य

मराठी भाषेनें ज्या कांहीं शब्दांवर उघड उघड अन्याय केला आहे, त्यांत 'खोगीरभरती' या शब्दाचा क्रम बराच वरचा लागेल. व्याख्यात्याच्या भाषणांत मुद्दा सांपडला नाहीं म्हणजे आपण त्यास खोगीरभरती म्हणतों. एखाद्या संग्रहांत चार लेख वाचनीय व चौदा सामान्य निघाले, कीं त्या चौदांची संभावनाही याच शब्दानें होते. खोगिराच्या पोटांत चिंध्या, लोकर, गवत, जें हातास लागेल तें कोंबतां येतें. तेव्हां जें इतर कशाच्याही उपयोगाचें नाहीं तें खोगिराच्या उपयोगाचें, असा या वाक्प्रचारामागील तर्क दिसतो. हा तर्क ज्या गृहस्थानें प्रथम लढविला, तो स्वतः घोड्यावर फार वेळ बसला नसावा. सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत खोगिरावर बसलेल्या स्वारास कोणी विचारलें असतें, तर त्यानें घोडा, लगाम व रिकीब यांची स्तुति अवश्य केली असती; परंतु आपली खरी कृतज्ञता त्यानें त्या भरतीसाठींच राखून ठेविली असती. खुद्द खोगीर हा शब्द फारसींतून आला असून, घाम धरणारें असा त्याचा मूळ अर्थ आहे. म्हणजे ज्यांनीं ही वस्तु घडविली, त्यांस दिवसभराच्या चालीनें अंगाला काय होतें याची पुरी जाणीव होती. ती नाहींशी झाली ती आम्हां घरबशा लोकांच्या बोलण्यांत.

घोड्यांचे दिवस गेले. पण खोगीर गेलें नाहीं. तें मोटारसायकलीवर जाऊन बसलें, आणि बाजार त्यास 'सीट' म्हणूं लागला. मोटारसायकल घेणारा मनुष्य काय काय पाहतो, तें वाचकांनीं एखाद्या दुकानांत घटकाभर उभें राहून अवश्य पाहावें. इंजिन किती सी. सी. चें, लिटरमागें किलोमीटर किती, रंग कोणता, आवाज कसा, शेजाऱ्याच्या गाडीहून ही दोन बोटें उंच दिसते कीं नाहीं, या सर्व प्रश्नांचा तो कसून विचार करितो. सीटवर तो बसतो तो दोन मिनिटें, आणि तींही आरशांत आपली मुद्रा कशी दिसते तें पाहण्यासाठीं. फारच चिकित्सक असला तर अंगठ्यानें सीट दाबून पाहतो, व ती मऊ लागली कीं समाधानानें मान डोलावितो. आंबा अंगठ्यानें दाबून पाहावा हें आम्हांस समजतें. परंतु ज्या वस्तूवर पुढील आठ तास सर्व देहाचा भार टाकावयाचा, तिची परीक्षा अंगठ्यानें कशी होणार? तिच्या परीक्षेसाठीं निसर्गानें आपणांस दुसरी इंद्रियें दिलीं आहेत, आणि त्यांस मत देण्यास दोन मिनिटें पुरत नाहींत.

त्यांचें मत हळूहळू तयार होतें. पुण्याहून कोल्हापूर सुमारें २३० किलोमीटर. पहांटे निघालेल्या स्वारास शिरवळपर्यंत जगांत सीट नांवाची वस्तु आहे याचें स्मरणही होत नाहीं. खंबाटकीचा घाट चढतांना वळणांच्या आनंदांत अंग आपोआप इकडून तिकडे झुकतें, आणि तेंही सुखाचेंच असतें. साताऱ्याच्या अलीकडे कोठें तरी त्यास प्रथम असें वाटतें कीं, मागच्या खिशांतील पाकीट काढून पुढच्या खिशांत ठेवावें. अजिंक्यताऱ्याकडे दृष्टि जाते न जाते तों तो किंचित् उजवीकडे सरकतो; थोड्या वेळानें डावीकडे. उंब्रजच्या सुमारास तो फूटरेस्टवर उभा राहून गाडी हांकूं लागतो, आणि रस्त्यानें जाणाऱ्या लोकांस वाटतें, काय हा उत्साह! कराडला कृष्णा व कोयना समोरासमोरून येऊन एकमेकींस भेटतात. असा संगम पाहण्यासाठीं मनुष्यानें वाट वांकडी करावी. परंतु आमच्या स्वारास त्या वेळीं दिसत असते ती केवळ चहाची टपरी, आणि टपरींतही चहा नव्हे, तर उभें राहण्यास मिळणारी जागा. कोल्हापुरांत तो पोहोंचतो तेव्हां यजमान मोठ्या अगत्यानें 'बसा, बसा' म्हणतात, आणि तो शब्द त्यास शिवीसारखा लागतो.

हा केवळ विनोदाचा विषय असता तर आम्ही त्यावर इतकी शाई खर्च केली नसती. वेदना शरीरास शिणविते हें तर खरेंच. पण त्याहून मोठें नुकसान असें कीं, ती रस्ताच हिरावून घेते. ज्यासाठीं घराबाहेर पडावयाचें तें डोंगर, तीं शेतें, तीं नदीकांठचीं गांवें डोळ्यांपुढून जातात, पण मनांत उतरत नाहींत. मन एकाच बिंदूपाशीं खिळलेलें असतें, आणि तो बिंदु रस्त्यावर नसतो. त्यांतच पुढील ट्रकनें एकाएकीं ब्रेक लाविला, तर तें खिळलेलें मन सोडवून आणण्यास जो क्षण लागतो, तो फार महाग पडूं शकतो. म्हणून सीटची निवड हा चैनीचा प्रश्न आहे असें म्हणणाऱ्यांशीं आमचें जमत नाहीं. ज्याचें जळतें त्याला कळतें, एवढेंच त्यांस सांगून आम्ही पुढें जातों.

हें दुखणें येतें कोठून? मनुष्य बसतो तो दिसतो तितक्या विस्तृत जागेवर नव्हे. कमरेच्या सांगाड्याच्या तळाशीं दोन बाजूंस हाडांचे दोन उंचवटे आहेत, आणि ताठ बसलेल्या मनुष्याचा बहुतेक भार त्या दोन टेंकांवर असतो. त्यांखालील मांस व त्वचा फार वेळ दाबली गेली, म्हणजे तेथील सूक्ष्म रक्तवाहिन्या मिटतात व रक्ताचा पुरवठा अडतो. आधीं जळजळ, मग ठणका, आणि अखेरीस बधिरपणा, असा हा क्रम आहे. खुर्चीवरचा मनुष्य यांतून नकळत सुटतो. तो मांडी बदलतो, रेलतो, उठून खिडकीपाशीं जातो. मोटारसायकलस्वाराचे हात मुठींस व पाय ब्रेक-गिअरांस बांधलेले असतात. तशांत इंजिनाची थरथर आणि आमच्या रस्त्यांचे खड्डे यांची त्यास अखंड साथ मिळते.

मऊ सीटची खरी लबाडी येथेंच उघडी पडते. मऊ फोम पहिला अर्धा तास उशीसारखा गोंजारतो. नंतर तो भाराखालीं दबत दबत तळास जातो, हाडें खालच्या कठीण तळास भिडतात, आणि बाजूंचा फोम वर उसळून, जेथें दाब मुळींच पडूं नये अशा नाजुक जागीं दाब आणतो. ज्यानें भार उचलावयाचा त्यानें माघार घ्यावी, व ज्याचा कांहीं संबंध नाहीं त्याच्या माथीं तो यावा, हा न्याय कित्येक कचेऱ्यांतही चालतो. पण तेथें निदान संध्याकाळीं घरीं जातां येतें. उलट घट्ट व भरदार फोम हातास प्रथम रुक्ष लागतो. तो गोंजारीत नाहीं. परंतु चौथ्या तासासही पहिल्या तासाइतकाच उभा असतो. पतंजलीनें योगसूत्रांत आसनाचीं दोनच लक्षणें दिलीं आहेत: तें स्थिर असावें आणि सुखाचें असावें. यांतील क्रम आम्हांस फार मार्मिक वाटतो. स्थैर्य आधीं, सुख मागाहून; जें स्थिर नाहीं त्याचें सुख अर्ध्या तासाचें.

हीच गोष्ट इंग्लंडांतील एका खोगीरवाल्यानें व्यवहारांत आणून दाखविली. बर्मिंगहॅम येथें जॉन बोल्टबी ब्रूक्स यानें १८६६ सालीं घोड्यांच्या चामडी सरंजामाचा कारखाना काढला. त्या कारखान्याच्या परंपरेंत अशी हकीकत सांगतात कीं, १८७८ सालीं त्याचा घोडा मेला, म्हणून तो उसन्या सायकलीवरून कामास जाऊं लागला. तिच्या बैठकीनें त्याचे असे हाल झाले, कीं नवी बैठक करण्याचा त्यानें निश्चयच केला. १८८२ सालीं त्यानें तिचें पेटंट घेतलें. पुढें ज्या खोगिरांनीं या कारखान्याचें नांव जगभर केलें, त्यांत गादी अशी नाहींच. जाड चामडें पुढून मागें ताणून बसविलेलें असतें. तें प्रथम लांकडासारखें लागतें. पण स्वार त्यावर बसत गेला म्हणजे त्याच्याच हाडांचा आकार तें हळूहळू घेतें, आणि मग तें त्याचें होतें. दुकानांत मऊ लागणारी वस्तु सर्वांची असते, आणि म्हणूनच ती कोणाचीच नसते.

मोटारसायकलींच्या बाजारांत या दुखण्यावर जे उतारे मिळतात, त्यांचाही येथें थोडा परामर्श घेणें जरूर आहे. इंग्लंडांत १९३२ सालीं 'बुलेट' हें नांव घेऊन निघालेली रॉयल एनफील्डची गाडी १९५५ पासून मद्रासेस जोडूं लागले. तिच्या जुन्या घाटांत स्वारापुरती सुटी बैठक असे, व तिच्या खालीं स्प्रिंगा असत. या स्प्रिंगांची आठवण कांहीं मंडळी अद्यापि गहिंवरून काढतात. परंतु धक्का सोसणें व भार वांटणें हीं दोन निराळीं कामें आहेत. स्प्रिंग पहिलें उत्तम करते. दुसरें तिच्या हातचें नाहीं. जेल नांवाचा जो लिबलिबीत पदार्थ हल्लीं सीटमध्यें घालतात, तो दाब बरा वांटतो, पण वैशाखांत गाडी तासभर उन्हांत उभी केली कीं त्यास तव्याचें रूप येतें. हवा भरावयाची गादी गुणाची आहे. मात्र लोक ती फुग्यासारखी टम्म भरतात, आणि मग तिच्यावर होडींत बसल्याप्रमाणें डोलत जातात. ती इतकीच भरावी कीं हाडें तळास टेंकूं नयेत. परदेशांत सीटवर मेंढीचें कातडें घालतात. आमच्याकडे ज्याच्या घरीं धनगरी घोंगडें आहे, त्यानें त्याची चौघडी घालून पाहावी. खरखरीत लोकरींतून वारा खेळतो, घाम सुकतो, आणि कातडी सोलवटत नाहीं. कारण दुखण्यांत हाडाचा वांटा जितका, तितकाच घामाचाही असतो. परंतु हे सारे उतारे बऱ्या आकाराच्या सीटवर लागू पडतात. आकारच चुकीचा असेल, तर पागोट्यानें डोकेंदुखी बरी करण्यासारखें तें होतें.

आकाराचें हें महत्त्व आम्हांस ज्यानें पटविलें, तो कोणी शरीरशास्त्रज्ञ नव्हे. पुण्याच्या नाना पेठेंत सीट भरून देणारा एक वृद्ध कारागीर. त्याच्याकडे जाण्याचें कारण थोडें घरगुती आहे. गाडीवरून कन्याकुमारीस जाण्याचा बेत आम्ही व आमच्या सौभाग्यवती यांनीं मिळून कित्येक वर्षें केला होता. नोकरी, मुलांच्या परीक्षा, वडील मंडळींचीं दुखणीं, यांतून तो दर वर्षीं पुढें जाई. शेवटीं सर्व जबाबदाऱ्या उरकल्या, वेळ मिळाला. पण तोंपर्यंत आमची पन्नाशी उलटली होती, आणि सौभाग्यवतींच्या कमरेनें एक स्वतंत्र मत बनविलें होतें. त्यांनीं तें शांतपणें कळविलें. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही खुशाल या गाडीवरून. मी आपली रेल्वेनें येतें. पोहोंचलांत कीं स्टेशनावर घ्यायला या." त्यांत राग नव्हता, आणि म्हणूनच तें आम्हांस फार लागलें. ज्या प्रवासाचें चित्र इतकीं वर्षें दोघांनीं एकत्र रंगविलें, तो दोन वाटांनीं करावयाचा, आणि त्याचें कारण काय, तर वीतभर फोम!

कारागिरानें गाडीकडे पाहिलें, आमच्याकडे पाहिलें, आणि विचारलें, "साहेब, एकटे जाणार कां वहिनी बरोबर?" बरोबर म्हणतांच तो म्हणाला, "मग आधीं वहिनींना बसवा. पुढचा माणूस हँडल धरून बसतो. मागच्याला सीटशिवाय कोण आहे?"

या एका वाक्यांत जें शहाणपण आहे, तें मोटारसायकली काढणाऱ्या बऱ्याच कारखान्यांच्या ध्यानीं आलेलें दिसत नाहीं. अलीकडच्या कित्येक गाड्यांची मागची बैठक ही बसण्याची जागा नसून गाडीच्या डोक्यावरचा तुरा असतो: अरुंद, उंच, आणि पुढें उतरती. मागें बसणारें माणूस मागच्या चाकाच्या जवळ असल्यामुळें खड्ड्याचा दणका त्यास अधिक बसतो. पुढचा खड्डा दिसत नसल्यामुळें तें सावध होऊं शकत नाहीं. आणि उतरत्या बैठकीवरून घसरून पुढच्याच्या पाठीवर येऊं नये म्हणून सारा वेळ मांड्या ताठ धरून बसतें. शिवाय हाडांच्या त्या दोन टेंकांमधील अंतर स्त्रियांत सामान्यतः अधिक असतें, म्हणून त्यांस मागची बैठक रुंद लागते. ती बहुधा असते नेमकी उलट.

कारागिरानें एका खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा फळीवर टाकून त्यावर आम्हां दोघांस आळीपाळीनें बसविलें, आणि पुठ्ठ्यावर उमटलेल्या खळ्यांभोंवतीं खडूनें वर्तुळें काढलीं. दोघांचीं वर्तुळें भिन्न होतीं. इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही एवढा मतभेद राहतो, हें पाहून त्याच्या दुकानांतील पोरगें हंसलें. मग त्यानें सीटचा पुढील उतार काढून ती सपाट केली. मांड्यांस कांचणाऱ्या कडा तासून गोल केल्या, म्हणजे उंची न वाढतां आमचे पाय जमिनीस नीट पोहोंचतील. मधोमध येणारी शिवण काढून बाजूस नेली, कारण शिवण टोंचते आणि पावसाळ्यांत तिच्यांतून पाणी आंत शिरतें. आणि मागची बाजू चार बोटें रुंद करून तिला पाठीशीं थोडा उंचवटा दिला. आंत घालण्यास त्यानें एक रंगीबेरंगी, दाट लादी काढली. तिच्यांत पिवळे, निळे, करडे, असे असंख्य ठिपके होते. "हें काय?" म्हणून आम्हीं विचारलें. तो म्हणाला, "रिबाँडेड. कारखान्यांत कापून उरलेले सगळे तुकडे दळून, दाबून बनवतात. नवा फोम दिसायला छान, पण बसायला हाच. हात लावून बघूं नका साहेब, बसा."

आम्ही बसलों, आणि त्या चिंध्यांच्या लादीनें आम्हांस जसेंच्या तसें उचलून धरलें. ज्यांस कोणी विचारलें नाहीं असे तुकडे एकत्र दाबले असतां त्यांस जी भारक्षमता येते, ती अखंड व देखण्या वस्तूस येत नाहीं, हें त्या दिवशीं प्रत्यक्ष अनुभवास आलें. संग्रहांतील त्या चौदा सामान्य लेखांबद्दलही तेव्हांपासून आम्ही जरा जपून बोलतों.

नव्या सीटची परीक्षा घेण्यासाठीं दोघेंही कोल्हापूरपर्यंत जाऊन आलों. दुखलें नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. आठ तास बसून न दुखणारी जागा या मृत्युलोकांत असेल असें वाटत नाहीं. परंतु साताऱ्यापर्यंत मागून पावसाच्या ढगांविषयीं बोलणें चाललें होतें. पुढें एका शेतांत उसाची तोड चालली होती, ती दाखविण्यासाठीं आमच्या खांद्यावर टिचकी बसली. आणि कराड येतांच, "संगमावर जाऊं या ना," अशी सूचना झाली. सीटविषयीं कोणीच कांहीं बोललें नाहीं. चांगल्या सीटची याहून मोठी प्रशंसा कोणती? जोडा चांगला असला म्हणजे पाय आठवत नाहीं, चष्मा चांगला असला म्हणजे नाक आठवत नाहीं, आणि सीट चांगली असली म्हणजे तिच्यावर जें विसंबलेलें असतें तें आठवत नाहीं. रेल्वेच्या तिकिटाचा विषय त्यानंतर घरांत निघालेला नाहीं.

एक गोष्ट मात्र कोणतीही सीट करूं शकत नाहीं. अमेरिकेंत लांब पल्ल्याच्या स्वारांची एक संस्था आहे; तिचें नांव आयर्न बट असोसिएशन, म्हणजे शुद्ध मराठींत लोखंडी बुडांचें मंडळ. चोवीस तासांत १,००० मैल, म्हणजे सुमारें १,६०९ किलोमीटर, जो पुरे करील त्यास हें मंडळ प्रमाणपत्र देतें, आणि त्या परीक्षेचें नांव सॅडलसोअर, म्हणजे खोगिराचा व्रण, असें ठेवण्याचा प्रामाणिकपणाही त्यानें दाखविला आहे. या शूरांस आमचा दुरून नमस्कार असो. पण आपलें बूड लोखंडाचें नाहीं, याबद्दल आम्हांस खंत वाटत नाहीं. तें लोखंडाचें असतें तर आम्ही तासा-दीड तासानें उतरलों नसतों. उतरलों नसतों तर पांच मिनिटें रस्त्याच्या कडेस उभें राहून मोकळ्या झालेल्या पायांत रक्त फिरण्याचें सुख कळलें नसतें, आणि ज्या झाडाखालीं उभे राहिलों तें झाडही दिसलें नसतें. उत्तम सीट आपणांस अखंड बसवून ठेवण्यासाठीं नाहीं. उठण्याची वेळ येईपर्यंत मन रस्त्यावर ठेवण्यासाठीं आहे. तिनें आपलें काम करावें, आणि वेळेवर उठण्याचें काम आपण करावें. ही वांटणी ज्यास साधली, त्यास कन्याकुमारी कांहीं फार दूर नाहीं.